बाळंतविडा

मागच्या वर्षी मराठीच्या तासाला एका कथेत ‘बाळंतविडा’ हा शब्द आला. बाईंनी वर्गाला अर्थ विचारला. मागच्या बाकावरून एकाने ‘बाळंतिणीला जेवणानंतर देतात तो पानाचा विडा’ असे ठोकून दिले आणि सगळा वर्ग हसला. मौज अशी की हसणाऱ्यांपैकी पुष्कळांना खरा अर्थही ठाऊक नव्हता. मला तो ठाऊक होता, पण मी उठले नाही. त्या शब्दासरशी मला डिसेंबर 2023 मधली एक रात्र आठवली, आणि ती चार वाक्यांत सांगण्यासारखी नव्हती. तासाला जे राहून गेले ते या अंकात लिहीत आहे.

बाळंतविडा म्हणजे बाळाला आणि बाळंतिणीला द्यायचा कपड्यांचा आहेर. आत्या, मावशी, मामी, शेजारणी, ज्या बाळ पाहायला येतात त्या तो घेऊन येतात. त्यात झबले, टोपडे, लंगोट, दुपटे, लाळेरे, कुंची, पायमोजे आणि बाळंतिणीसाठी खण किंवा साडी असते. कोणी सोबत खारीक, खोबरे, डिंक बांधून देते. आता हा विडा बहुतेक वेळा दुकानातून येतो. चकचकीत कागदाच्या खोक्यात सहा कपडे एकावर एक टाचण्यांनी बसवलेले असतात. पूर्वी तो घरी शिवला जाई, आणि आमच्या सातारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत अजूनही थोडाफार शिवला जातो.

या शिवण्याबाबत आमच्या घरी एक कडक रीत आहे. मूल जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी सुईत दोरा ओवायचा नाही. सातव्या महिन्यात ओटी भरा, डोहाळे पुरवा, पण झबल्याला कात्री लावू नका. दुसरी रीत अशी की बाळाच्या अंगावर पहिले कापड नवे नसावे. बारशापर्यंत जुन्यातलेच घालावे. या दोन्ही रीती मला लहानपणापासून सारख्याच खुळ्या वाटत. आज मला त्यांपैकी एक शहाणपणाची वाटते आणि दुसरी धोक्याची.

माझी ताई पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. रीतीप्रमाणे आम्ही काहीही शिवून ठेवले नव्हते. दिवस भरायला अजून सहा आठवडे होते, म्हणून कोणाला घाईही नव्हती. आणि एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेईपर्यंत दुपार झाली, संध्याकाळी मुलगी झाली. वजन 1800 ग्रॅम. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजन असलेले मूल कमी वजनाचे धरतात; हे तर त्याहूनही पुष्कळ खाली होते. दाजींनी धावत जाऊन दुकानातून नवजात बाळाचा संच आणला. त्यातले टोपडे डोक्यावर घातले तर नाकाखाली उतरले. झबल्याला मागून चेन होती, गळ्याला जाळीची झालर होती, आणि कापड असे होते की हात फिरवला तर कडकड आवाज यावा. सिस्टरांनी ते सगळे परत खोक्यात घातले आणि आईला सांगितले, “मऊ सुती टोपडं, लंगोट, पायमोजे आणि पुढून उघडणारं झबलं, एवढंच हवं. उद्या सकाळी आणा. बाळ आईच्या छातीला लावून ठेवायचं आहे.”

आईचा फोन आला तेव्हा घरी मी आणि आज्जी, दोघीच होतो. मी तेव्हा बारावीला होते. आज्जी काही बोलली नाही. तिने ट्रंक उघडली आणि तळातून आपले जुने सुती लुगडे काढले.

इथे पहिल्या रीतीतले, म्हणजे जुन्या कापडाच्या रीतीतले, शहाणपण सांगितले पाहिजे. गिरणीतून किंवा मागावरून आलेल्या नव्या सुती कापडात खळ असते. मांजरपाट हातात घेतला तर ती लगेच कळते. खळीमुळे कापड ताठ राहते आणि पाणी लवकर शोषत नाही; शिवाय नवे कापड पहिल्या धुण्यात आटते. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यात खळ उरलेली नसते. सुताचे तंतू मोकळे झालेले असतात, रंग सुटायचा तेवढा सुटून गेलेला असतो, आटायचे तेवढे आटून झालेले असते. ते अंगाला मऊ लागते आणि ओल चटकन ओढून घेते. ज्या घरांत नवे कापड घ्यायला पैसे नव्हते त्यांनी नाइलाजाने ही रीत काढली असेल असे मला वाटे. पण लुगड्याची आणि त्या संचातल्या झबल्याची मी दोन बोटांनी तुलना केली तेव्हा हा विचार सोडून दिला. बिहारमध्ये जुन्या साड्यांचे थर एकत्र शिवून नवजात बाळासाठी सुजनी करतात. बंगालमधली कांथाही जुन्या साड्यांच्या थरांचीच असते. एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायका त्याच कापडापाशी जाऊन पोहोचल्या आहेत. आज्जीने हे एका वाक्यात सांगितले होते, “नवं कापड लेकराला टोचतं गं, लुगडं माझ्या अंगावर शिकून आलंय.”

नऊवारी लुगड्यातून काय काय निघते याचा हिशेब मी नंतर मांडला. नऊ वार म्हणजे 324 इंच लांबी. पन्हा साधारण 45 इंच. बसण्याने आणि घासण्याने मधले तीनेक वार विरलेले असतात. ते बाळासाठी घ्यायचे नाहीत. गोधडीच्या आतल्या थराला चालतात. उरलेल्या सहा वारांपैकी चार वारांत 36 इंचांचे चार चौकोन निघतात, म्हणजे दुहेरी दुपटी दोन. राहिलेल्या दोन वारांत 18 इंचांचे आठ चौकोन बसतात. चौकोन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की दोन त्रिकोणी लंगोट होतात, म्हणजे लंगोट सोळा. सोळा ऐकून हसू नये. तान्ह्या बाळाच्या घरात ते दुपारपर्यंत पुरत नाहीत. आणि पन्ह्याकडची जी नऊ इंची लांब पट्टी उरते तिच्यातून टोपडी, मोजे आणि बंद.

आज्जीला टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. ती विती-बोटांनी मापते. त्या रात्री ती सांगत होती आणि मी कापत होते: टोपडे दीड वीत, लंगोट सव्वादोन वीत, झबले उंचीला दीड वीत, दोन बाह्यांसकट रुंदीला अडीच वीत, दुपटे साडेचार वीत. हा लेख लिहिताना मी तिची वीत टेपने मोजली. बरोबर 8 इंच भरली. म्हणजे टोपडे 12 इंच, लंगोट 18, झबले 12 आणि 20, दुपटे 36. आमच्या गावातल्या शिवणवर्गाच्या वहीत पूर्ण दिवसांच्या बाळाची जी मापे आहेत ती जवळजवळ हीच आहेत. वर्गाची फी भरून मी जे शिकले ते आज्जीच्या पंजात आधीच होते, हे मला लेख लिहीपर्यंत कळले नव्हते. तिने त्या रात्री एवढेच केले की प्रत्येक मापातून दोन-तीन बोटे कमी केली. “आपलं पाखरू लहान हाय,” म्हणाली.

आता करण्याची कृती सांगते. वर्गातल्या मुलांनीही वाचायला हरकत नाही; सुई हातात धरायला कुणाची परवानगी लागत नाही.

टोपड्यासाठी 12 इंच लांब व 6 इंच रुंद पट्टी घ्यावी (लहान बाळासाठी 10 व 5). लांबीची बरोबर अर्धी घडी घालावी. घडी डोक्यावर येते. एका बाजूच्या कडा घडीपासून खालपर्यंत जोडल्या की ती मागची शिवण झाली. समोरची बाजू चेहऱ्यासाठी उघडी राहते, तिची कड दुमडून तुरपून घ्यावी. मागे वर जे टोक येते ते गोलसर शिवून टाकले की टोपडे डोक्यावर नीट बसते. खाली दोन बाजूंना बंद. बंद आखूड असावेत, हनुवटीखाली एक सैल गाठ बसेल एवढेच. लांब बंद गळ्याभोवती गुंतण्याची भीती असते. याच टोपड्याला खाली चुण्या घालून पाठीवर रुळणारे कापड जोडले की कुंची झाली. ती मात्र हौसेची वस्तू आहे, खणाची करतात, आणि खण म्हटला की आमच्याकडे गुळेदगुड्डचाच लागतो.

झबले मला सर्वांत आवडते, कारण त्यात काही वाया जात नाही. 24 इंच लांब, 20 इंच रुंद कापड घ्यावे. आधी खांद्यावर आडवी घडी, मग मधोमध उभी घडी. आता चार पदर झाले, 12 इंच उंच आणि 10 इंच रुंद. उभ्या घडीच्या विरुद्ध बाजूने, खालच्या कोपऱ्यातून, साडेचार इंच रुंद व 8 इंच उंच असा तुकडा कापून काढावा. वर 4 इंचांची बाही राहिली आणि खाली साडेपाच इंचांचे अंग. बाही वेगळी लावायची नसल्यामुळे मुंढ्याची कटकट नाही. दोन्ही घड्या जिथे मिळतात तिथे गळा कापावा, मागे अर्धा इंच खोल, पुढे दोन इंच. मग फक्त पुढचा पदर गळ्यापासून खालपर्यंत मधोमध कापून उघडा करावा. बगलेच्या कोपऱ्यात शिवणीपर्यंत न पोहोचेल अशी छोटी चीर द्यावी, नाहीतर तिथे कापड ओढले जाऊन चोळामोळा होतो. माझ्या पहिल्या झबल्याला ती द्यायची राहिली होती. कापून निघालेले चार तुकडे फेकायचे नाहीत. दोन-दोन जोडले की लाळेरी होतात.

लंगोटाची तिरकी कड ताणली जाते, हे ध्यानात ठेवावे. कापड उभे-आडवे ओढले तर फारसे लांबत नाही, कोपऱ्यातून ओढले की लांबते. म्हणून त्या लांब बाजूला सरळ पट्टी लावून तिचीच टोके बंद म्हणून सोडावीत. नाहीतर दोन धुण्यांत लंगोट पोत्यासारखा लोंबू लागतो. उलट झबल्याच्या गळ्याला लावायची पट्टी मात्र मुद्दाम तिरकी, उरेबच कापायची, म्हणजे ती वळणावर वळते. एकच गुण एका जागी दोष आणि दुसऱ्या जागी सोय.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिवण बाहेर ठेवावी. आपल्या कपड्यांना शिवणीची खरखरीत बाजू आत असते; तान्ह्या बाळाच्या कपड्याला ती बाहेर असावी. दिसायला थोडे ओबडधोबड दिसते. पण बाळ दिवसाचे वीस तास पडून असते, ते त्या शिवणीवरच पडून असते. मोज्यांच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नये, कारण आत सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवू शकतो, आणि बाळ का रडते ते कोणाला कळत नाही. गाठही बाहेर. बटणे नकोत, ती तुटतात आणि तोंडात जातात. टाचणी किंवा पिना तर नकोतच.

आईचे पायाचे शिवणयंत्र घरात होते, पण एवढ्याशा बाहीत ते फिरत नाही. आम्ही दोघींनी हातानेच शिवले, मी उलटी टीप, आज्जीने धावदोरा. तीन टोपडी, दोन झबली, पायमोज्यांचे दोन जोड, लंगोट आठ. शिवून झाल्यावर सगळे उकळत्या पाण्यातून काढले आणि कोळशाच्या इस्त्रीने वाळवले, कारण डिसेंबरच्या रात्री दोरीवर काय वाळणार. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी निघाले.

दवाखान्यात जे पाहिले ते मला तोपर्यंत माहीत नव्हते. लहान बाळाच्या अंगात ऊब धरून ठेवणारी चरबी पुरेशी नसते, आणि डोके अंगाच्या मानाने मोठे असल्यामुळे उघड्या डोक्यातून ऊब भराभर जाते. म्हणून टोपडे ही शोभेची वस्तू नाही. बाळाला टोपडे, मोजे आणि लंगोट एवढेच घालून आईच्या उघड्या छातीवर उभे ठेवतात, कातडीला कातडी लागेल असे, आणि वरून कापडाने बांधतात. झबले घातले तर ते पुढून उघडे ठेवतात. याला कांगारू पद्धत म्हणतात. 1978 साली कोलंबियातल्या बोगोता शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयात बाळे पुष्कळ आणि उबेच्या पेट्या थोड्या होत्या. आता ती पेट्या असलेल्या ठिकाणीही वापरतात. आज्जीने बाळंतिणीचे पोट बांधायला म्हणून लुगड्याचा एक लांब तुकडा माझ्याबरोबर दिला होता. सिस्टरांनी तो हातात घेतला, ओढून पाहिला, आणि त्यानेच बाळाला ताईच्या छातीशी बांधले. टोपडे बरोबर बसले. तेव्हा प्रथमच ताई रडली. आदल्या दिवशी ती रडली नव्हती.

आज्जीचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. बाळ घरी आल्यावर तिने डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी शिवली. डॉक्टरांनी आधीच बजावले होते की वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको, सपाट अंथरुणावर पाठीवर झोपवा. नाक-तोंड झाकेल असे मऊ काही जवळ नको. दोन दिवस घरात अबोला होता. अखेर ताईने उशी उसवली आणि ती मोहरी पुढे महिनाभर फोडणीला गेली. दुपट्यात पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळण्याचेही तसेच. त्याने खुब्याच्या सांध्याला इजा होऊ शकते. गुंडाळले तरी आत पाय दुमडता आले पाहिजेत. हे आज्जीने ऐकले, पण ‘माझ्या पोरांची तंगडी वाकडी झाली का’ असे विचारायला ती विसरली नाही.

राहिली ती दुसरी रीत, आधी न शिवण्याची. तिच्यावर मी त्या रात्री फार चिडले होते. ‘दोन महिने हातात होते आणि आपण हातावर हात ठेवून बसलो’ असे मी आज्जीला बोलले. ती शिवत राहिली आणि म्हणाली, “माझी सात झाली, चार ऱ्हायली. पैल्याची झबली शिवली हुती. ती कुणाला द्यायची, कुठं ठेवायची, कायबी कळत न्हवतं.” पुढे मी पाहिले, 1971 साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे वर्षाच्या आत जात. 2020 मध्ये हा आकडा 28 होता. आज्जीची बाळंतपणे 1971 च्या आगेमागेच झालेली. रिकाम्या झबल्याच्या दुःखातून ही रीत निघाली असेल, तर तिला खुळी म्हणायचा मला अधिकार नाही. तरीही मला ती पटत नाही. बाळ कधी येईल हे कुणाला ठाऊक नसते, आणि लवकर आलेल्या बाळालाच टोपड्याची गरज सर्वांत जास्त असते.

ताईची मुलगी आता दोन वर्षांची होत आली. टोपड्यांपैकी एक तिच्या बाहुलीच्या डोक्यावर आहे, दुसरे दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाळाला दिले, तिसरे सापडत नाही.

सध्या माझ्या चुलत वहिनीला सहावा महिना आहे. गेल्या आठवड्यात मी कॉलेजातून घरी आले तेव्हा आज्जी ओसरीवर बसून एक लुगडे फाडत होती. मी विचारले, “हे कशाला?” ती वर न बघता म्हणाली, “पुसायला फडकी करतीय.” मी खाली बसून एक फडके उचलले आणि टेप लावला. 18 इंच. दुसरे उचलले, तेही 18 इंच. “सुई दे हिकडं,” ती म्हणाली, “फडक्यांच्या कडा तुरपल्या म्हंजी जरा टिकत्यात.”